हेडफोनमध्ये ओळखीचा आवाज : उडताना रेडिओवर भेटलेले मित्र

ढगफिरा

मागे हवामानाच्या धाग्यावर चार-पाच जणांनी आपण हौशी वैमानिक असल्याचं सांगितलं होतं, म्हणून हा धागा काढतोय. विषय साधा आहे. तुम्ही विमान उडवताय, कानात नेहमीची बडबड चालू आहे, आणि अचानक ओळखीचा आवाज येतो. दुसऱ्याच कुठल्यातरी विमानातून. मग तुम्ही काय करता? बोलता, की गप्प बसता?

परवा माझ्यावर ही वेळ आली. अमेरिकेत पूर्वेकडे चाललो होतो, ५,५०० फुटांवर, एकटाच. रडारवाल्यांकडून फ्लाइट फॉलोइंग (आसपासच्या विमानांची सूचना देत राहायची सेवा) घेतलं होतं. दुपारची वेळ, बऱ्यापैकी हेलकावे. कंट्रोलरबाईंनी मला ट्रॅफिक दिलं : "ट्वेल्व्ह ओक्लॉक, फाइव्ह माइल्स, ऑपोझिट डायरेक्शन, स्कायहॉक, सिक्स थाउजंड फाइव्ह हंड्रेड." म्हणजे बरोबर समोरून, पाच मैलांवरून, ६,५०० फुटांवर एक छोटं स्कायहॉक विमान येतंय. मी म्हणालो, "लुकिंग", म्हणजे शोधतोय. बास, तेवढंच. मग त्यांनी समोरच्याला माझ्याबद्दल तेच सांगितलं. त्याचं उत्तर आलं आणि मी सीटवर ताठ बसलो. आकड्याच्या आधी "अँऽऽड" असा सूर लावून दम घ्यायची त्याची जुनी खोड. आम्ही दोघं एकाच इन्स्ट्रक्टरकडे, एकाच विमानावर शिकलो. तो नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि हळूहळू फोन कमी होत गेले. तो इकडे उडतोय याचा मला पत्ता नव्हता.

गंमत म्हणजे त्याने मला आधी ओळखलं होतं. माझ्या त्या एका "लुकिंग"वरून! तो म्हणाला, "ट्रॅफिक इन साइट, अँड आय थिंक आय नो दॅट ट्रॅफिक." मला हसू आवरेना, पण बटण दाबायची हिंमत होईना. शेवटी बाईच म्हणाल्या, की आत्ता गर्दी नाही, दोघं जाऊन १२२.७५ वर (विमानांनी आपसात बोलायची फ्रिक्वेन्सी) बोलून घ्या आणि परत आलात की मला सांगा.

तोपर्यंत तो माझ्या डोक्यावरून हजार फुटांवरून मागे निघून गेला होता. पांढरा पंख दिसला, त्याने दोनदा डोलवला, संपलं. सगळ्या गप्पा झाल्या त्या एकमेकांकडे पाठ करून. आणि बोललो काय? इंधन किती आहे, कुठे उतरणार, आई कशी आहे. इतक्या दिवसांनी भेटलेल्या माणसाशी एवढंच बोलता येतं हे खरं वाटत नाही, पण मला तेवढं पुरलं.

तर तुमचे किस्से येऊ द्या. आणि हे करावं की करू नये, यावरही बोला.

---

शंकासुर

वाचताना मजा आली. मी विमानात फक्त खिडकीची सीट मागणारा माणूस आहे, म्हणून बाळबोध प्रश्न विचारतो.

तुम्ही दोघं बोलत होतात ते सगळ्यांना ऐकू जातं का? आणि मोबाइल का नाही लावला? पाच हजार फुटांवर रेंज येत असेल की.

---

तीनपाती

शंकासुर, हो, सगळ्यांना. विमानाचा रेडिओ फोनसारखा दोघांपुरता नसतो. त्या फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसलेल्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द ऐकू येतो. आणि एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबून ठेवलंत की तुमचा स्वतःचा रिसीव्हर बंद, समोरचा काय म्हणतोय ते तुम्हाला कळणारच नाही.

मोबाइलचं म्हणाल तर अमेरिकेत ८०० मेगाहर्ट्झच्या सेल्युलर पट्ट्यातले फोन हवेत वापरायला १९९१ पासून बंदी आहे. कारण उंचावरचा फोन एकाच वेळी जमिनीवरच्या असंख्य टॉवरना दिसतो आणि त्यांच्या जाळ्यात गोंधळ घालतो. शिवाय इंजिनाच्या घरघरीत फोनवर बोलून बघा एकदा.

आता हे मित्र मुळात भेटतातच कसे, तर त्याला कारण आहे. विमानांचा बोलण्याचा पट्टा ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झ. २५ किलोहर्ट्झच्या पायऱ्या धरल्या तर ७६० चॅनेल होतात. (युरोपात ८.३३ च्या पायऱ्या करून ते तिप्पट केलेत.) ऐकायला खूप वाटतात, पण छोट्या, टॉवर नसलेल्या धावपट्ट्यांच्या वाट्याला त्यातले मोजकेच येतात. अमेरिकेत १२२.८ वर कितीतरी विमानतळ एकत्र नांदतात. म्हणूनच बोलताना विमानतळाचं नाव सुरुवातीला घ्यायचं आणि शेवटी परत घ्यायचं, नाहीतर "मी फायनलवर आहे" (म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरतोय) हे ऐकून शंभर मैलांवरचा माणूस दचकतो.

आणि या पट्ट्यातली लहर, म्हणजे व्हीएचएफ, सरळ रेषेत जाते. क्षितिजाआड गेली की संपली. पण उंची असली की क्षितिजच लांब जातं. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा, तेवढे नॉटिकल मैल. ढगफिरांचे ५,५०० फूट म्हणजे सुमारे ९१, त्यांच्या मित्राचे ६,५०० म्हणजे ९९. दोन्हींची बेरीज १९० मैल! कागदावर बरं का. सेटची ताकद पाच-दहा वॅट असते, त्यामुळे प्रत्यक्षात इतक्या लांबचं खरखरतच येतं. तरी विचार करा, समोरासमोर येणारी दोन स्कायहॉक ताशी ११० नॉटने धरली तरी भेटीच्या पाऊण तास आधीपासून एकमेकांच्या टप्प्यात असतात. फक्त एकाच फ्रिक्वेन्सीवर असायला हवीत. आणि डोळ्यांना दिसतात ती जेमतेम मिनिटभर.

---

मुक्ता_न

तीनपाती, मस्त समजावलंत. मी हे गणित कधी करून पाहिलं नव्हतं, नुसतंच "आज लांबचं ऐकू येतंय" म्हणत होते.

माझा किस्सा वेगळा आहे. मैत्रीण आणि मी दोन वेगवेगळ्या विमानांतून एकाच गावी चाललो होतो. वाटेत १२२.७५ वर गेलो आणि अर्थातच मराठीत सुरू झालो. क्लबमधल्या एका गृहस्थांबद्दल बोलणं चाललं होतं. वाईट नाही हो, त्यांच्या लँडिंगबद्दल. ते टेकतात तेव्हा चाकं किंचाळतात वगैरे. मध्ये थोडी शांतता झाली आणि तिसराच एक आवाज आला, स्वच्छ मराठीत : "ताई, चालू द्या. मी वाऱ्याची माहिती घ्यायला आलो होतो."

तो कोण, कुठे, आजतागायत कळलं नाही. विचारलंसुद्धा. नुसता हसला आणि गेला.

---

शंकासुर

😂😂 हा किस्सा वाचायला मिळाला, धागा सार्थकी लागला.

---

खडूस_नंबर_एक

नेहमीप्रमाणे विरजण घालायला आलोय.

१२२.७५ वर काय हव्या त्या गप्पा मारा, ती त्यासाठीच ठेवलीय. पण ढगफिरांच्या मित्राने "आय थिंक आय नो दॅट ट्रॅफिक" हे कुठे म्हटलं? रडारच्या फ्रिक्वेन्सीवर. दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत दुसरा कोणी इंजिन बंद पडल्याचं सांगत असता तर? ज्याला घाई आहे तो तुमची ओळख-देख संपायची वाट बघणार का?

रविवारी छोट्या विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर कान लावून बघा. "अरे तूच ना तो? नवीन रंग दिलास वाटतं विमानाला?" आणि इकडे सर्किटमध्ये (उतरण्याआधीच्या ठरलेल्या फेरीत) पाच विमानं, एक विद्यार्थी पहिल्यांदा एकटा, बेस लेगवर (फायनलच्या आधीच्या टप्प्यावर) आहे हे सांगायला त्याला फटच मिळत नाही. मैत्री करा, पण खाली उतरून.

---

टॉवरवाली

मी काचेच्या त्या बाजूची. कंट्रोलर आहे, कुठे ते विचारू नका.

खडूस, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण थोडं जास्त कडक आहे. आम्हाला फ्रिक्वेन्सी किती भरलेली आहे याचा अंदाज क्षणोक्षणी असतो. रविवारी सकाळी मी स्वतः "गुड मॉर्निंग" म्हणते, सोमवारी संध्याकाळी म्हणत नाही. ढगफिरांच्या कंट्रोलरने जे केलं ते मीही केलं असतं. दोघांना शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवलं की माझी रिकामी होते आणि ते परत आले की मला दोन वाक्यांत कळतं. त्या दोघांनी एकमेकांना ओळखलंय आणि आता ते बोलण्यासाठी तळमळतायत, हे आवाजावरून आम्हाला समजतंच. ते अर्धं लक्ष घेऊन माझ्याकडे राहण्यापेक्षा मोकळे होऊन आलेले बरे.

मात्र एकावर एक बोलणं हा गमतीचा विषय नाही. विमानाचा रेडिओ अजून एएमवर चालतो, एफएमवर नाही, आणि त्याचा एक फायदा हा सांगतात : एफएममध्ये ताकदवान स्टेशन दुसऱ्याला पार गिळून टाकतं, दुसरा बोलला होता हेच कळत नाही. एएमवर दोघं एकदम बोलले की निदान शिटी वाजते. शिटी ऐकली की कोणीतरी चिरडला गेला हे कळतं आणि आम्ही पुन्हा विचारतो.

पण ती शिटी नेहमीच वाचवत नाही. २७ मार्च १९७७, तेनेरिफ. दाट धुकं, धावपट्टीवर दोन जम्बो जेट, एक केएलएम कंपनीचं, एक पॅन ॲमचं. केएलएमने आपण निघतोय अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. टॉवर म्हणाला "ओके", आणि पुढे, थांबा, मी सांगेन तेव्हा. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमच्या कॉकपिटमधून आलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही एकमेकांवर पडले. केएलएमच्या कानात त्या अत्यंत महत्त्वाच्या वाक्यांच्या जागी कर्कश आवाज आला, स्पष्ट ऐकू आलं ते फक्त "ओके". दोन्ही विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, एवढं एकच नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी आमच्या प्रशिक्षणात ते काही सेकंद ऐकवले जातात आणि वर्गात कोणी हलत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. ओळखीचा आवाज आला की आधी ऐका. दोन-तीन संवाद जाऊ द्या. मग विचारा. "रिक्वेस्ट फ्रिक्वेन्सी चेंज फॉर वन मिनिट" यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हो, आमच्याकडचं सगळं रेकॉर्ड होतं. आंतरराष्ट्रीय नियमाने किमान ३० दिवस ठेवावं लागतं. क्लबमधल्या गृहस्थांच्या लँडिंगविषयी काही बोलायचं असेल तर मुक्ताताईंसारखं दुसरीकडे जाऊन बोला.

---

मुक्ता_न

टॉवरवाली, दुसरीकडे जाऊनही उपयोग झाला नाही, हेच तर दुःख आहे.

---

गुरुजी_राइटसीट

उजव्या सीटवर बसून आयुष्य गेलं. माझ्यासाठी हा प्रकार रोजचा आहे म्हटलं तरी चालेल, कारण ज्यांना शिकवलं ते आता कुठे कुठे उडतायत. माणूस लायसन्स बदलतो, विमान बदलतो, रेडिओवर बोलायची ढब मात्र पहिल्या महिन्यात जी बसते ती जन्मभर राहते. मी विद्यार्थ्यांना एक सवय लावतो : बटण दाबल्यावर एक क्षण थांबायचं, मग बोलायचं, म्हणजे पहिलं अक्षर कापलं जात नाही. तो क्षणभराचा थांबा ऐकू आला की मला कळतं, हा आपल्याकडून गेलेला.

एकदा एका नवशिक्याला घेऊन मोठ्या विमानतळाच्या हद्दीतून पलीकडे चाललो होतो. त्याच अप्रोच कंट्रोलरच्या फ्रिक्वेन्सीवर एक जेट खाली येत होतं. पहिलं वाक्य ऐकलं आणि ओळखलं. माझी जुनी विद्यार्थिनी. लँडिंगच्या वेळी भीतीने डोळे मिटायची ती. आता एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर. बोलायचा प्रश्नच नव्हता. दहा हजार फुटांच्या खाली एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त शब्द काढायचा नाही, अमेरिकेत १९८१ पासून तसा नियमच आहे, आणि इतरत्रही कंपन्या तो पाळतात. मी आपलं माझ्या विद्यार्थ्याला थांबवलं आणि पुढचा संवाद स्वतः केला. अगदी सरळ, नियमातला. आमचं कॉलसाइन, उंची, बास. माझा आवाज तिला पोचावा एवढ्यासाठी.

काही सेकंदांनी फ्रिक्वेन्सीवर "टक टक" झालं. कोणीतरी दोनदा बटण दाबलं होतं, न बोलता.

तीच होती का? नंतर फोनवर विचारलं तर म्हणते, "सर, असलं काही एसओपीत बसत नाही." (एसओपी म्हणजे कंपनीची ठरलेली कार्यपद्धती.)

---

तीनपाती

गुरुजी 🙏

त्या टकटकीवरून आठवलं. टॉवर नसलेल्या बऱ्याच विमानतळांवर धावपट्टीचे दिवे वैमानिक स्वतः रेडिओवरून लावतो. अमेरिकेतल्या पद्धतीत पाच सेकंदांत तीन वेळा बटण दाबलं की मंद, पाच वेळा मध्यम, सात वेळा झगझगीत. आमच्याकडे दोन दोस्त आहेत, बोलण्याऐवजी एकमेकांना टकटक करून "ऐकलं" असं सांगायची त्यांना सवय. एकदा संध्याकाळी दोघांच्या टकटकी एकापाठोपाठ आल्या आणि अख्खी धावपट्टी उजळली. खाली गवत कापणाऱ्या माणसाला वाटलं, कोणीतरी मोठा पाहुणा येतोय.

---

गिधाड

ग्लायडरवाला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा. नाव स्वतःच घेतलंय, कोणी ठेवलेलं नाही.

तुम्हा इंजिनवाल्यांना हे अप्रूप वाटतं याची गंमत वाटली. आमच्यात हाच नित्यक्रम. अमेरिकेत १२३.३ ही ग्लायडरसाठी आहे, इतर देशांतही अशा ठेवलेल्या असतात. चांगल्या दिवशी सगळे त्यावरच. कोणाला कुठे चढ (वर उचलणारी हवा) मिळाला, ढगाखाली तो किती मीटर प्रतिसेकंद आहे, कोण खाली शेतात उतरला, सगळं कळतं. इथे गप्पा आणि काम वेगळं काढताच येत नाही. मित्र "इथे तीन मीटर आहे, ये" म्हणाला की तीच ख्यालीखुशाली.

आणि भेटही खरी होते. एकाच थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या खांबात) दोघं समोरासमोर गोल फिरत असता, तो वर्तुळाच्या पलीकडच्या कडेला, त्याची टोपीसुद्धा दिसते. अशा वेळी मात्र रेडिओवर कोणी चकार शब्द काढत नाही, कारण नजर हलवली तर आदळू. म्हणजे लांब असताना बडबड, जवळ आल्यावर मौन. तुमच्या नेमकं उलटं.

---

निरंजन_८.३३

टॉवरवालींच्या मुद्द्याला जोड. भाषेचं कोणी बोललं नाही अजून.

मुक्ताताई १२२.७५ वर मराठीत बोलल्या, ठीक. पण विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीवर आपला माणूस भेटला म्हणून "कुठंयस रे?" "हा काय, डाव्या हाताला" असं सुरू झालं तर बाकीच्या तिघांना तुम्ही कुठे आहात हे कळणार नाही, आणि तेच तर त्या फ्रिक्वेन्सीचं काम आहे. कॅनडात १९७६ साली याच मुद्द्यावर, म्हणजे क्यूबेकमध्ये हवेत फ्रेंच बोलू द्यावं की नाही यावर, वैमानिकांनी विमानं बंद ठेवली होती. पुढे चौकशी आयोग बसला आणि १९७९ मध्ये त्याने निर्वाळा दिला की दोन भाषांनी सुरक्षिततेला बाध येत नाही. पण तिथे कंट्रोलर दोन्ही भाषा जाणणारे होते, शब्द ठरलेले होते. आपलं "हा काय" कुठल्या पुस्तकात आहे?

---

मुक्ता_न

मान्य. जागा आणि उंची नेहमी इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत. मायबोली दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर. तसंच करतो आम्ही.

---

पलीकडला

उशिरा आलो, वाचतच बसलो.

मी छोटी विमानं विकत घेणाऱ्याच्या दारात नेऊन पोचवतो. उत्तर अटलांटिकवरून बऱ्याचदा. समुद्राच्या मध्यावर किनाऱ्यावरच्या कुणाचंच व्हीएचएफ पोचत नाही. कंट्रोलशी बोलायचं ते लांब पल्ल्याच्या, खरखरत्या एचएफ रेडिओवरून, किंवा वरून जाणारं एखादं एअरलाइनर तुमचा निरोप पुढे देतं. अशा ठिकाणी विमानांनी आपसात बोलण्यासाठी १२३.४५ आहे. कामाचं बोलणं अपेक्षित आहे : पुढे हादरे आहेत का, बर्फ किती उंचीवर धरतंय. पण तासन् तास खाली पाणी आणि वर ढग असताना माणूस "बाकी काय?" म्हणतोच.

तिथे मला एकदा एक ओळखीचा भेटला. मी दहा हजारांवर, पंखांवर पातळ बर्फ, हात गार. तो माझ्या वर सव्वीस-सत्तावीस हजार फूट, मालवाहू जेटमध्ये, गरम कॉफी पीत. आम्ही एकेकाळी एकाच हँगरमध्ये विमानं धूत असू. त्याने वरून वाऱ्याचे ताजे आकडे दिले, माझी जागा कंट्रोलला कळवली, आणि मग तो जवळजवळ अर्धा तास माझ्याशी बोलत राहिला. माझ्या वेगाच्या चौपट वेगाने दूर जात होता, तरी एवढ्या उंचीवरून त्याचा आवाज येत राहिला. तीनपातींचं वर्गमूळ म्हणतात ते हेच असावं.

काय बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज खरखरायला लागला तेव्हा तो म्हणाला, आता तू मला ऐकू येत नाहीयेस, पण मी आणखी थोडा वेळ बोलतो, तुला येत असेल तर ऐक.

---

ढगफिरा

पलीकडला, हे वेगळा धागा काढून लिहा. विनंती आहे.

---

अभय_टॅबलेटवाला

सगळे भावुक झालेत, म्हणून वस्तुस्थिती सांगतो. 🙂 "अचानक" भेटायचे दिवस संपत आले. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) सक्तीचं आहे. माझ्या टॅबलेटवर आसपासच्या विमानांचे नंबर दिसतात. मित्राचा नंबर दिसला की मीच आधी हाक मारतो. जमिनीवर बसलेली त्याची बायकोसुद्धा फोनवर बघत असते तो कुठे पोचलाय.

---

ढगफिरा

अभय, तुमच्या टॅबलेटवर नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. माझा मित्र भाड्याच्या विमानात होता. त्या नंबरवर आठवड्याला पंधरा जण उडत असतील. आवाजाने जे कळलं ते तुमच्या पडद्यावर आलंच नसतं.

आणि आवाज तरी किती येतो? रेडिओतून साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झच पुढे सरकतं. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभर-सव्वाशे हर्ट्झचा, म्हणजे तो तर वाटेतच गळतो. उरलेल्या वरच्या सुरांवरून मेंदू तो परत उभा करतो. शिवाय वाऱ्याचा, इंजिनाचा, माइकच्या स्पंजचा गोंधळ. तरी एका शब्दावरून ओळख पटते.

---

तीनपाती

आवाजसुद्धा लागत नाही म्हणे. विमानातून रेडिओने पहिला संदेश गेला तो २७ ऑगस्ट १९१० ला, न्यूयॉर्कजवळ मॅकर्डी नावाच्या वैमानिकाने मोर्सची कळ दाबून पाठवला. त्या काळचे तारवाले सांगायचे की नुसत्या कट्ट-कडकट्टच्या लयीवरून पलीकडे कोण बसलंय ते ओळखू येतं. गुरुजींच्या विद्यार्थ्यांचा क्षणभराचा थांबा त्याच जातीचा.

---

खडूस_नंबर_एक

सगळं गोड गोड चाललंय तर १२१.५ बद्दलही बोला. ती आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. उपग्रहांनी तिच्यावर कान देणं १ फेब्रुवारी २००९ ला बंद केलं, आता ते ४०६ वर ऐकतात. पण विमानं, टॉवर, हवाई दल अजून तीच ऐकतात. आणि तिथे काय चालतं? अमेरिकेत लोक रात्री मांजराचा आवाज काढतात. म्यांव! मोठमोठ्या जेटमधले लोक! मग दुसरा ओरडतो "यू आर ऑन गार्ड!" (गार्ड म्हणजे हीच फ्रिक्वेन्सी) आणि तिसरा त्याला चिडवायला परत म्यांव. एकाने सवलत घेतली की असं होतं. म्हणून मी "दोन सेकंदच तर होते" याला विरोध करतो.

---

टॉवरवाली

म्यांववाल्यांची बाजू कोणीच घेत नाहीये, खडूस. पण मांजर ओरडणं आणि ओळखीच्याला "ऐकलं रे" म्हणणं यात मला तरी फरक दिसतो. पहिल्याला कोणी ऐकावं एवढंच हवं असतं, कोण ते महत्त्वाचं नाही.

बाकी तुमचा सर्किटमधल्या विद्यार्थ्याचा मुद्दा मी पुढच्या सुरक्षा बैठकीत मांडणार आहे, तुमचं नाव न घेता.

---

खडूस_नंबर_एक

नाव घेतलंत तरी चालेल.

---

शंकासुर

शेवटचा प्रश्न. मला उडता येत नाही, पण हे ऐकायचंय. साध्या एफएम रेडिओवर येईल का?

---

तीनपाती

नाही. एफएमचा पट्टा १०८ ला संपतो, आणि हे एएम आहे. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ एएम असं लिहिलेला रिसीव्हर लागेल. एरियल उभं धरा, खिडकीत बसा. जमिनीवरून टॉवरचं बोलणं बहुधा येणार नाही, वर असलेल्या विमानांचं येईल. म्हणजे संवाद अर्धाच ऐकू येतो, उत्तरं असतात आणि प्रश्न गायब. पण घेण्याआधी तुमच्या देशाचा कायदा बघा. अमेरिकेत ऐकायला हरकत नाही, ब्रिटनमध्ये परवानगीशिवाय ऐकणं गुन्हा आहे.

---

शंकासुर

बघतो. म्यांव ऐकू आलं तर इथे कळवीन.